यादीत नसलेल्या बायका

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. नागपुरात घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. ज्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, त्या घरच्या बाईचा हा दिवस पहाटे चारलाच सुरू होतो. पुरण, वडे, कढी, आंबील, सोळा भाज्या, मग पंगती, मग उष्टं-खरकटं, मग भांड्यांचा ढीग. पाठ टेकायला रात्रीचे अकरा-बारा सहज वाजतात. विसर्जन दुसऱ्या दिवशी, म्हणून मुखवटे, कोठ्या, फुलोरा सगळं जागच्या जागी असतं.

त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर पाऊस कोसळायला लागला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून धो-धो वाहू लागला आणि एरवी शहर जिला बिनदिक्कत नाला म्हणतं ती नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी सगळीकडे पाणी. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या, कामठीहून सैन्य आलं. लेडी अमृताबाई डागा महाविद्यालयातल्या सुमारे पन्नास मुलींना आणि मूकबधिर विद्यालयातल्या चाळीसेक मुलांना बाहेर काढावं लागलं. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरलं होतं. जे दगावले त्यांत घरातच अडकलेल्या वृद्ध बायका होत्या. त्यांतली एक पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती.

पुढचे कित्येक महिने शहर बोललं ते नदीबद्दल. पात्र कुणी अरुंद केलं, सांडव्यासमोरचा स्वामी विवेकानंदांचा पुतळा पाण्याच्या वाटेत आहे की नाही, संरक्षक भिंती कुणी बांधायच्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. हे व्हायलाच हवं होतं. पण या सगळ्या वादात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही: जी बाई अंथरुणातून उठू शकत नव्हती, ती कुठल्या घरात आहे हे त्या रात्री कुणाला ठाऊक होतं?

ठाऊक होतं, आणि हीच या गोष्टीतली खरी मेख आहे. वस्तीतल्या आशाताईला ठाऊक होतं, अंगणवाडीच्या बाईला ठाऊक होतं, शेजारणीला ठाऊक होतं. फक्त जिथून बोटी सुटतात, त्या नियंत्रण कक्षाला ठाऊक नव्हतं.

पाणी सगळ्यांना सारखंच बुडवतं?

नागपूर जिल्ह्याला पूर नवा नाही. ३० जुलै १९९१ रोजी नरखेड तालुक्यातलं मोवाड वर्धा नदीच्या पुरात वाहून गेलं. २०४ माणसं गेली. गाव पुढे नव्या जागी वसवावं लागलं. आजही मोवाड म्हटलं की जुन्या नागपूरकरांना तो आकडा आठवतो.

मोवाडच्या आधी तीनच महिने, २९ एप्रिल १९९१ ला, बांगलादेशच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी गावांवर चढलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. तिथे नंतर अभ्यासकांनी मृतांची वयं आणि लिंग तपासलं. २० ते ४४ या वयोगटात बायकांच्या मृत्यूचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ पाचपट निघालं. कारणं ऐकली की ती परकी वाटत नाहीत. इशारा आला तो बाजारात, चहाच्या टपरीवर, जिथे पुरुष होते. घरातली बाई नवरा येईपर्यंत थांबली. कडेवर एक मूल, हाताला दुसरं. पोहणं कधी शिकलेली नाही. साडी पायात गुंतली. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी म्हणून काही जणी गेल्याच नाहीत.

पुढे २००७ साली एरिक नॉयमायर आणि थॉमस प्लुंपर या दोन अभ्यासकांनी १४१ देशांतल्या आपत्तींची आकडेवारी एकत्र मांडली. मोठी आपत्ती आली की बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, असं त्यांना दिसलं. पण ज्या समाजात बायकांना शिक्षण, पैसा, हक्क यांत बरोबरीचं स्थान आहे, तिथे हा फरक कमी होतो. म्हणजे पुराच्या पाण्याला बाई-पुरुष कळत नाही. भेद आपण आधीच करून ठेवलेला असतो, पाणी त्यावर फक्त शिक्का मारतं.

बायकांना आधी वाचवायचं, एवढ्यानेही भागत नाही. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती क्षमतेपेक्षा जास्त भरली होती. १७ जण बुडाले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. 'बायका आधी' म्हणायचं तर तिच्या अंगात लाइफ जॅकेटही आधी असायला हवं. बोटीत किती जणींना बसवायचं हे ठरवणारं कुणीतरी हवं, आणि लेकराला कडेवर घेतलेल्या बाईचा तोल कसा राहतो याचाही विचार आधी झालेला हवा.

चिखल काढायला कोण वाकतं

नागपूरचा पूर काही तासांत ओसरला. कॅमेरे परतले आणि बायकांचं काम सुरू झालं. पुरानंतरच्या घरात काय काय असतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. दिवाणाच्या आतल्या गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झालेल्या की दोघींनाही उचलत नाहीत. फ्रिज आडवा. गहू-तांदळाच्या कोठीत आंबूस लगदा. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला काळी रेघ. आणि खाली घोट्यापर्यंत काळा, बुळबुळीत गाळ. हा गाळ पावसाच्या पाण्याचा नसतो. नाग नदीत शहराचं सांडपाणी वाहतं. ती स्वच्छ करण्यासाठी १,९०० कोटींहून अधिकचा प्रकल्प मंजूर करावा लागला, यावरूनच काय ते समजा. घरात आलं ते गटार होतं, आणि ते फडक्याने टिपून, बादलीने उपसून काढलं घरच्या आणि घरकामाच्या बायकांनी. अनवाणी, साडी खोचून, बहुतेक जणी हातमोज्यांशिवाय.

पायाला भेगा असतील तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथूनच शिरतात. उंदीर, डुक्कर, गुरं यांच्या मुतातून ते पाण्यात उतरतात. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना डॉक्टर खबरदारी म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. पण गरोदर बाईला ती गोळी चालत नाही, तिला अझिथ्रोमायसिन द्यावं लागतं. गोळ्या वाटणाऱ्या माणसाने 'दिवस गेलेत का?' हे विचारलं पाहिजे, आणि ते चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. रांगेत उभं करून मूठमूठ गोळ्या वाटल्या जातात तिथे हे होत नाही.

गरोदर बाईसाठी त्याहून भयंकर आहे हेपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ. इतरांमध्ये बहुधा आपोआप बरी होते, पण शेवटच्या तिमाहीत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका तिने दगावू शकतात. नळाला पुराचं पाणी लागलं, जलवाहिनी फुटली, बोअरवेलमध्ये गढूळ पाणी आलं, की गरोदर बाईच्या घरी पाणी उकळण्यासाठी गॅस आहे का, क्लोरीनच्या गोळ्या पोचल्या का, हे सगळ्यांत आधी बघायला हवं. तिचं घर शोधत बसायची वेळ तेव्हा नसते. पत्ता आधीच हातात हवा.

विदर्भाचा आणखी एक पावसाळी शत्रू म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने कित्येक बळी घेतले. झुडपांतल्या, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने हा ताप येतो. चावा बसतो तिथे विडीचा चटका लागावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्षात येत नाही. पण डॉक्टरला ती दिसली की निदान बरंचसं झालंच, आणि वेळेवर दिलेल्या स्वस्तातल्या गोळ्यांनी माणूस वाचतो. अडचण एवढीच की ही खपली बायकांना बरेचदा काखेत, स्तनाखाली, जांघेत किंवा परकराची नाडी बांधतात तिथे असते. तापाने फणफणलेली बाई सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत पुरुष डॉक्टरसमोर पदर घट्ट धरून बसते. डॉक्टरही संकोचतो. नाडी बघून पॅरासिटामॉल दिली जाते. चार दिवसांनी ती पिवळी पडून, धापा टाकत मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचते. औषध होतं, डॉक्टर होता, खपलीही होती, फक्त ती बघणारी बाई तिथे नव्हती. पुरानंतरच्या शिबिरात एक नर्स आणि एक पडदा असला तरी यातले काही जीव वाचतील.

साड्या दिल्या, परकर कुणी दिला?

पूर आला की मदत येते, आणि नागपूरकर यात मागे नाहीत. बिस्किटं, ब्लँकेट, साड्यांचे गठ्ठे. साडी मिळते, परकर मिळत नाही. सलवार-कुडता मिळतो, आतले कपडे कुणी देत नाही. देणाऱ्याला लाज वाटते आणि मागणारीला त्याहून जास्त. सॅनिटरी पॅडची पाकिटं आता बरीच वाटली जातात, पण जिच्याकडे कोरडी निकर नाही तिने पॅड लावायचं कशाला? कापड वापरणाऱ्या बाईला तर धुवायला पाणी, साबण, बादली आणि वाळत घालायला ऊन लागतं. समाजमंदिरात शंभर माणसांच्या गर्दीत ते कापड ती ओल्या साडीच्या घडीखाली वाळवते, म्हणजे वाळतच नाही. ओलसर कापडातून जंतुसंसर्ग होतो. पांढरं पाणी, खाज, लघवीला जळजळ ही दुखणी पुरानंतर महिनाभराने बाहेर येतात. तेव्हा त्यांचा पुराशी संबंध कुणी जोडत नाही.

जळजळीचं आणखी एक कारण आहे. शाळेत किंवा सभागृहात निवारा असतो, तिथे संडास दोन, तेही पुरुषांच्या रांगेतून जाऊन. रात्री दिवा नाही, कडी तुटलेली. मग बायका पाणीच कमी पितात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरतात. वयात आलेल्या पोरीला आई रात्री एकटी सोडत नाही, ती जाते तेव्हा दोघी-तिघी दारापाशी उभ्या राहतात. हे सगळं आपल्याकडे 'जमवून घेणं' म्हणून चालून जातं.

मदतकार्याचे जागतिक निकष 'स्फिअर' या नावाने ओळखले जातात. त्यांत हे जमवून घेणं चालत नाही. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, मग लवकरात लवकर २० माणसांमागे एक. पुरुषांच्या एका संडासामागे बायकांचे तीन, आतून बंद होणारे, उजेडातले. माणशी निदान साडेतीन चौरस मीटर जागा. नागपुरात ज्या शाळा निवारा म्हणून कागदावर आहेत, त्यांची या आकड्यांशी गाठ एप्रिल-मे महिन्यातच घालून बघता येईल. कड्या बसवायला बोटी लागत नाहीत.

पॅडचा प्रश्नही आपल्याच घरात सोडवता येईल. ८ मार्च २०१८ रोजी राज्यात 'अस्मिता' योजना सुरू झाली. बचतगटांमार्फत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत द्यायचं, असं तिचं स्वरूप होतं. म्हणजे गावोगावच्या बचतगटांनी हा माल हाताळलेला आहे. पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीतल्या एका गटाकडे पॅड, निकर, साबण, टॉर्च, शिट्टी आणि झाकणाची बादली यांचा साठा ठेवला, तर मदतीचा ट्रक येईपर्यंतचे दोन दिवस निभावतात. दोन दिवस म्हणजे पाळीतल्या बाईचा अर्धा काळ.

सुरक्षेची बाजूही यातलीच. पुरानंतर घर मोडतं, पैसा संपतो, दारू वाढते, हात उगारला जातो. आई चिखल काढायला जाते तेव्हा धाकट्यांना सांभाळायला थोरली शाळा बुडवते, आणि ती कधीकधी परत जात नाही. अनोळखी माणूस काम देतो, राहायची सोय करतो म्हणून येतो. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, 'सखी' केंद्रं आहेत. पण फोन पाण्यात गेलेला असताना निवाऱ्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत तो क्रमांक रंगवलेला हवा आणि तिथे रात्री एक महिला पोलीस हवी.

भामरागडला जे कळतं

नागपूरहून तीनशेच्या वर किलोमीटरवर, गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या भामरागडला हे सगळं शिकवावं लागत नाही. पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात पूल गिळते आणि तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. २०२४ च्या जुलैत याच भागात एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमध्ये बसवून नाला पार करावा लागला. ते चित्र राज्यभर फिरलं आणि लोकांना आपल्या व्यवस्थेची लाज वाटली. लाज वाटणं ठीक आहे. पण त्याच गडचिरोलीने एक शहाणी व्यवस्थाही उभी केलेली आहे, ती पाहायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' असतं. दिवस भरत आलेली बाई कळा सुरू व्हायच्या आधीच तिथे येऊन राहते, सोबत घरचं माणूस असतं. शिवाय पावसाळ्यात ज्यांची बाळंतपणं आहेत त्यांच्या याद्या आरोग्य खातं आधीच काढतं, आणि नद्या चढायच्या आत त्यांना दवाखान्याजवळ हलवण्याचा प्रयत्न करतं. सगळ्या येतातच असं नाही. घरी गुरं असतात, लहान पोरं असतात, रोवणी असते. तरी विचार बरोबर आहे: पूर यायची तारीख कुणाला माहीत नसते, बाळंतपणाची अंदाजे तारीख मात्र वहीत लिहिलेली असते.

ही वही नागपुरातही आहे. शहरातल्या आशाताई प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवतात. अंगणवाडीच्या मोबाईलमध्ये स्तनदा माता आणि सहा वर्षांखालच्या मुलांची नावं आहेत. तिशीपुढच्या लोकांची तपासणी करताना आशा जो फॉर्म भरते, त्यात साठीपुढच्या माणसाला रोजची कामं करायला मदत लागते का, असंही विचारलेलं असतं. ही सगळी माहिती आरोग्य खात्यात आणि महिला-बालविकास खात्यात पडून आहे. पाऊस कोसळतो तेव्हा मात्र बोटी सुटतात त्या महापालिकेच्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षातून, आणि तिथल्या भिंतीवर टांगलेला नकाशा असतो नाल्यांचा.

दर उन्हाळ्यात नाग, पिली आणि पोरा या नद्यांतला गाळ पोकलेनने उपसला जातो. किती टन गाळ काढला याचं पत्रक निघतं. त्याच उन्हाळ्यात नदीकाठच्या प्रत्येक वस्तीची आणखी एक यादी निघाली पाहिजे: सातवा महिना उलटलेल्या बायका, पंधरा दिवसांची बाळंतीण, अंथरुणावरची आजी, एकटी राहणारी, चाकाच्या खुर्चीतली मुलगी. शेजारी कोण आहे, कुणाच्या पहिल्या माळ्यावर नेता येईल, कुणाकडे किल्ली आहे. यादीतली माहिती गुप्त राहील याची जबाबदारीही कुणावर तरी टाकलेली हवी, कारण एकट्या बाईचा पत्ता चुकीच्या हातात पडणं हाही धोकाच आहे.

शिलाई मशीन कशात मोडतं?

२०२३ च्या पुरानंतर सरकारने प्रत्येक बाधित कुटुंबाला १०,००० रुपये, दुकानदारांना ५०,००० पर्यंत आणि टपरीवाल्यांना १०,००० पर्यंत मदत जाहीर केली. पंचनामे सुरू झाले. पंचनाम्याचा कागद घर बघतो, दुकान बघतो, टपरी बघतो. पण समोरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं काय? मशीन गाळात, गिऱ्हाइकांची कापडं कुजलेली, दिवाळीच्या तोंडावरचा हंगाम गेलेला. डबे पुरवणारीचं महिन्याचं सामान वाहून गेलं. पापड-कुरडया करणारीचे डबे, ब्युटी पार्लरवालीची खुर्ची. हा धंदा घरातच चालतो, म्हणून तो दुकान नाही आणि टपरीही नाही. ते नुकसान 'घरगुती सामान' या रकान्यात विरून जातं. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार तर आठ दिवस स्वतःचं घर उपसण्यात कापला जातो. तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

पैसे कुणाच्या खात्यात जातात, हाही प्रश्न आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सगळ्यांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख ठरवली आहे. २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत कोट्यवधी बायकांची आधारला जोडलेली बँक खाती सरकारच्या हाताशी आहेत. दरमहा दीड हजार पोचवायला जे खातं चालतं, ते पुराचे दहा हजार पोचवायलाही चालेल. भाड्याने राहणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या, विधवा बाईला पंचनाम्यात आपलं नाव घालून घेण्यासाठी जे हेलपाटे पडतात, ते त्याने निम्म्याने तरी कमी होतील.

किल्लारीने शिकवलेलं

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर तीस वर्षं मागे जाऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत घरं दुरुस्त करायचं सरकारी काम सुरू झालं, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. हजाराहून अधिक गावांत या बायकांनी कुणाचं घर कसं मोडलंय, सिमेंट किती आलं, गवंडी काय करतोय, पैसे पोचले का, हे बघितलं. नऊवारी नेसलेल्या, पूर्वी कधी ग्रामसभेतही न बोललेल्या बाया अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूरच्या बाया तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. बांगलादेशनेही तोच धडा घेतला. तिथल्या चक्रीवादळ स्वयंसेवकांत आज निम्म्या बायका आहेत, आणि इशारा आता थेट उंबऱ्यापर्यंत येतो.

नागपूरला यासाठी नवं खातं नको, नवा कायदाही नको. नदीकाठच्या प्रत्येक प्रभागासाठी तीन बायका नेमाव्यात: एक आशा, एक अंगणवाडीसेविका, एक बचतगटाची अध्यक्ष. त्यांचे फोन क्रमांक नियंत्रण कक्षात असावेत आणि नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक त्यांच्याकडे. तलावाची पातळी वाढू लागली की पहिला फोन त्यांना जावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मे महिन्यात त्यांनी निवाऱ्याच्या शाळेचे संडास स्वतः बघावेत आणि त्यांच्या सहीशिवाय ती शाळा निवारा म्हणून मंजूर होऊ नये. या कामाचा मोबदलाही त्यांना मिळाला पाहिजे. आशाताईंच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात सेवाभावाच्या नावाखाली आणखी एक वही फुकट चढवणं हा अन्याय होईल.

नाग नदीच्या भिंती उंच होतील, सांडवा मोकळा होईल, तरी केव्हातरी पाणी पुन्हा घरात येईल, कारण आता काही तासांतच धो-धो पाऊस कोसळतो. पुढच्या वर्षी मृग लागण्याआधी महापालिकेच्या मान्सून आढावा बैठकीत गाळाच्या टनांचा हिशेब नेहमीप्रमाणे मांडला जाईल. त्याच बैठकीत आयुक्तांनी प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला एवढंच विचारावं: तुमच्या नदीकाठच्या वस्त्यांत आज सातव्या महिन्यापुढच्या किती बायका आहेत, आणि त्या कुठल्या घरांत राहतात?